ज्या ओळीत वायूचं नाव नाही

इचोड्यात हायवेला लागून पंक्चरची दुकानं आहेत. पूर्वी हा ७ नंबरचा हायवे होता, आता ४४ नंबरचा म्हणतात. नागपूर-हैदराबाद वाहतूक रात्रंदिवस याच वाटेने वाहते. थंडीत इथली पहाट फार गार असते. आदिलाबाद जिल्ह्यात पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि तोच मे महिन्यात ४४ च्या पुढे चढतो. अशा एखाद्या पहाटे जीपवाला थांबतो, "भाऊ, चारीमध्ये तीस-तीस टाका" म्हणतो. कंप्रेसर धडधडतो, काटा ३० पौंडांवर येऊन थांबतो, जीप निघून जाते. दुपारी निर्मलच्या पुढे कुठे त्याच टायरला काटा लावला तर तो ३८ दाखवू शकतो. मधल्या वेळात कुणी फुंकरभर हवासुद्धा भरलेली नसते.

हे का होतं ते एका ओळीत लिहिलेलं आहे. अकरावी-बारावीत ती सगळ्यांनी घोकलेली असते: पी व्ही = एन आर टी. वायूचा दाब गुणिले त्याचं आकारमान, बरोबर मोलची संख्या गुणिले एक स्थिरांक गुणिले तापमान. परीक्षेसाठी तिच्यात आकडे घालून उत्तर काढलं की आपण पुढच्या धड्याकडे वळतो. एखादी चांगली ओळ आपण थांबून, शब्द उलटून पालटून वाचतो, तशी ही ओळ मला वाचायची आहे. तिच्यात काय आहे याहून जास्त भुरळ मला तिच्यात काय नाही याची पडते. वायूंविषयीच्या या ओळीत कुठल्याही वायूचं नाव नाही. प्राणवायू म्हणा, हायड्रोजन म्हणा, टायरमधली धुळकट हवा म्हणा, तिला काही फरक पडत नाही. हे गाळणं सहज जमलेलं नाही. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ माणसं एकेक गोष्ट बाजूला ठेवत गेली, तेव्हा ती इतकी मोकळी झाली.

सुरुवात डावीकडच्या जोडीने झाली. पी आणि व्ही, दाब आणि आकारमान. रॉबर्ट बॉईलने १६६० मध्ये हवेच्या लवचिकपणावर पुस्तक काढलं आणि १६६२ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रसिद्ध तक्ता छापला. काचेची वाकवलेली नळी, तिचा आखूड हात वरून बंद, लांब हात उघडा. उघड्या बाजूने पारा ओतत जायचा आणि बंद बाजूला कोंडलेली हवा किती आकसते ते मोजायचं. नळी इतकी उंच होती की प्रयोग जिन्यावर करावा लागला. तक्त्याची पहिली ओळ सांगते: हवा ४८ भाग, दाब पाऱ्याचे २९ पूर्णांक २/१६ इंच. खाली येत हवा २४ भागांवर, म्हणजे निम्म्यावर येते, तेव्हा दाब दुप्पट, म्हणजे ५८ पूर्णांक ४/१६ इंच व्हायला हवा. बॉईलला तो ५८ पूर्णांक १३/१६ मिळाला. अर्ध्या इंचाहून थोडा जास्त फरक. त्याने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले: हे मोजलं, हे नियमाप्रमाणे यायला हवं होतं. मला त्या तक्त्यातला हा फरक नियमाइतकाच मोलाचा वाटतो. या नियमाची कल्पना रिचर्ड टाउनलीची, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

हवा अशी का वागते हे समजावताना बॉईलने लोकरीची उपमा दिली होती. हवेचे कण म्हणजे एकमेकांवर रचलेले लोकरीचे पुंजके. दाबले की दबतात, सोडले की फुगतात. इचोड्याच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही, फक्त लोकरीच्या जागी कापूस ठेवायचा. दिवाळीनंतर या भागात घराघरांत वेचलेल्या कापसाचे ढीग लागतात. गाडीत कापूस भरताना माणसं त्यावर चढून तुडवतात. पाय उचलला की तो हळूच वर येतो. 'हवेची स्प्रिंग' म्हणताना बॉईलच्या डोळ्यांपुढे हेच होतं. पण तुडवलेला कापूस पूर्ण मूळपदावर येत नाही, थोडा दबलेलाच राहतो. हवा मात्र दाब काढताच जितकी होती तितकी होते, हजार वेळा दाबा, हजार वेळा तीच. कारण तिथे पुंजके नाहीतच, एकमेकांना टेकलेलं काहीच नाही. १७३८ मध्ये डॅनिएल बर्नोलीने खरं चित्र मांडलं: बारीक कण सगळ्या दिशांना धावत आहेत, भिंतीवर आदळत आहेत, आणि या आदळण्यालाच आपण दाब म्हणतो. जागा निम्मी केली की त्याच भिंतीवर टकरा दुप्पट होतात. उपमा चुकली, नियम टिकला. मनातलं चित्र मोडलं तरी बॉईलने मोजलेले आकडे जागेवरच राहिले.

बॉईलच्या तक्त्यात तापमान नाही. प्रयोगभर ते बदलू नये, या अटीवरच त्याचा नियम उभा आहे. ओळीच्या उजव्या टोकाला टी येऊन बसायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षं जावी लागली, आणि ते अक्षर फुग्यातून आलं.

२७ ऑगस्ट १७८३ ला जाक चार्ल्सने पॅरिसमधून हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला. त्यात माणूस नव्हता. पाऊण-एक तासाने तो गोनेस नावाच्या खेड्यात पडला. आकाशातून उतरलेल्या, डुलणाऱ्या, वास मारणाऱ्या त्या वस्तूवर घाबरलेले गावकरी काटे-कोयते घेऊन धावले आणि त्यांनी तिची चिरफाड केली. त्यानंतर फ्रेंच सरकारने लोकांसाठी जाहीरनामा काढला की असे गोळे दिसले तर भिऊ नका. त्याच वर्षी १ डिसेंबरला चार्ल्स स्वतः हायड्रोजनच्या फुग्यात बसून वर गेला. तापमानाबरोबर वायू किती फुगतात यावर त्याने १७८७ च्या सुमारास प्रयोग केले, पण ते छापले नाहीत. छापले जोसेफ गे-लुसाकने, १८०२ मध्ये, आणि चार्ल्सचं नाव घेऊन.

गे-लुसाकच्या निबंधात या ओळीचा आत्मा पहिल्यांदा दिसतो. त्याने हवा घेतली, हायड्रोजन घेतला, प्राणवायू घेतला, नायट्रोजन घेतला आणि प्रत्येकाला बर्फाच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत नेलं. प्रत्येक जण १०० चा सुमारे १३७.५ झाला. घन पदार्थांत असं होत नाही. लोखंड वेगळं फुगतं, तांबं वेगळं. द्रवांतही नाही. वायूंत मात्र एकाच मापाने. वायूचं नाव ओळीतून पुसलं जायला इथे सुरुवात झाली.

टी या अक्षराची एक अट आहे. तिच्यावाचून ओळ खोटं बोलते. पहाटेच्या टायरमध्ये हवा ८ अंशांची होती, दुपारी रस्त्यावर तापून ६० ची झाली. मग दाब साडेसात पट व्हावा का? ३० चे सव्वादोनशे पौंड झाले असते तर हायवेवर एकही टायर शाबूत राहिला नसता. आपलं शून्य हे पाणी गोठण्याचं शून्य आहे, वायूचं नव्हे. वायूचं शून्य त्याच्याही २७३.१५ अंश खाली आहे. १८४८ मध्ये विल्यम थॉमसनने, पुढच्या लॉर्ड केल्विनने, निरपेक्ष मोजपट्टीची कल्पना मांडली आणि आज आपण तिथूनच मोजतो. त्या पट्टीवर ८ अंश म्हणजे २८१ आणि ६० अंश म्हणजे ३३३. वाढ साडेसात पट नाही, जेमतेम एकपंचमांश आहे.

खोटं शून्य एवढं एकच नाही. पंक्चरवाल्याचा काटाही शून्यावरून निघत नाही. टायर फुटून सपाट झाला तरी आत बाहेरच्याइतकी हवा असतेच, आणि ती चौरस इंचाला साडेचौदा पौंडांच्या आसपास दाब देत असते. काटा तिला शून्य धरतो. म्हणून ३० म्हणजे खरे साडेचव्वेचाळीस. त्यांना ३३३ भागिले २८१ ने गुणा, उत्तर ५२.७ च्या जवळ येतं. साडेचौदा वजा करा, ३८ उरतात. टायर फारसा फुगत नाही, आत हवा तेवढीच आहे, म्हणून ओळीतलं आकारमान आणि मोल जागेवर राहिले आणि दाब तापमानामागे गेला. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्याने पाण्याला शून्य म्हणावं तसं आपण आयुष्यभर हवेच्या तळाशी राहून तिला शून्य म्हणत असतो. या ओळीला चुकीचं शून्य चालत नाही. मोजायचं तर खऱ्या शून्यापासून, दाबाच्याही आणि तापमानाच्याही.

आता एन. हे अक्षर मला सगळ्यांत जास्त आवडतं. १८११ मध्ये आमेदेओ आव्होगाद्रोने म्हटलं की सारख्या दाबाला, सारख्या तापमानाला, सारख्या जागेत कुठल्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने असतात. त्याच्या हयातीत फार थोड्यांनी ते मानलं. एन ही डोक्यांची मोजणी आहे, वजनाची नाही. दोन ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम प्राणवायू, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हे सगळे एकेक मोल. शून्य अंशाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला प्रत्येकाला २२.४ लिटरच जागा लागते. हलका-भारी असा भेद ही ओळ करत नाही.

आणि भेद न करण्यातूनच फुगा उडतो. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून या ओळीकडे मी पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

हैदराबादला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं, म्हणजे टीआयएफआरचं, फुगे सोडण्याचं केंद्र आहे. होमी भाभांनी विश्वकिरण मोजायला फुगे वर पाठवायला सुरुवात केली, ती परंपरा तिथे चालू आहे. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर उपकरणं नेतात. सोडण्याआधी वर्तमानपत्रांत सूचना येते. उपकरणं मोठ्या रंगीत छत्रीला लटकून जिथे उतरू शकतील त्या जिल्ह्यांची नावं तीत असतात: तेलंगणात आमचं आदिलाबाद, महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ, परभणी, लातूर. गोनेसनंतरच्या जाहीरनाम्याचीच ही नात.

हा फुगा जमिनीवर असतो तेव्हा केविलवाणा दिसतो. शेकडो फूट पॉलिथिन लोंबत असतं आणि फक्त टोकाला थोडा वायू भरलेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की अर्ध्यातच भरणं थांबवलं. पण ओळ वाचा. फुगा वर चढतो तसा बाहेरचा दाब उतरतो, आतलाही तेवढाच उतरतो, आकारमान वाढत जातं. हैदराबादच्या जमिनीवर दाब साधारण ९५० मिलिबार. ४१ किलोमीटरवर तो जेमतेम अडीच. तापमान तिथे उणे २० अंशांच्या आसपास, म्हणजे केल्विनमध्ये सुमारे २५०. दाबामुळे ३८० पट फुगायचं, थंडीमुळे थोडं आकसायचं. दोन्ही मिळून सुमारे ३०० पट. लोंबणारं सगळं पॉलिथिन या ३०० पटींसाठी राखून ठेवलेली जागा असते. जमिनीवरच फुगा गच्च भरून काही साधलं नसतं. फुगायला जागा न उरल्याने त्याचा वायू वाटेतच बाहेर पडत राहिला असता.

पण खरा आनंद यापुढे आहे. वर हवा विरळ होत जाते, मग फुग्याला उचलणारा जोरही विरळ व्हायला नको का? होत नाही. आतल्या हायड्रोजनचा दाब आणि तापमान बाहेरच्या हवेइतकंच आहे असं धरलं, तर त्याने जेवढी जागा घेतली तेवढ्या जागेत हवेचेही तेवढेच मोल मावले असते, जमिनीवर आणि दहा, वीस, तीस किलोमीटरवरही. म्हणजे हायड्रोजनचा प्रत्येक मोल हवेच्या बरोबर एका मोलला बाजूला सारतो. हायड्रोजनचा मोल २ ग्रॅमचा, हवेचा २९ ग्रॅमचा. प्रत्येक मोल २७ ग्रॅम उचलतो, आणि पूर्ण फुगेपर्यंत, सगळी वाट, तेवढंच उचलत राहतो. ओळीने दोघांचं वजन विचारलं नाही, फक्त डोकी मोजली, म्हणून दोघांच्या वजनातला फरक मोकळा राहिला आणि त्या फरकाने फुगा वर नेला. वायूचं नाव जर ओळीत असतं, प्रत्येकाचा वेगळा नियम असता, तर हा हिशेब इतका निखळ जुळलाच नसता.

आर विषयी फार बोलण्यासारखं नाही, ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्विन, डावी आणि उजवी बाजू जोडणारा आकडा. पण तोही सगळ्यांना एकच, याचं श्रेय कुठेतरी द्यायला हवं. १८३४ मध्ये एमिल क्लापेरोंने बॉईल आणि गे-लुसाक यांचे नियम एकत्र बांधले तेव्हा त्याचा स्थिरांक वायूच्या वजनागणिक बदलत होता. मोलच्या हिशेबाने सर्वांना एकच आकडा ही मांडणी १८७० च्या दशकात झाली. करणाऱ्यांत मेंडेलीव्ह होता. आवर्तसारणीचा हा कर्ता १८८७ मध्ये सूर्यग्रहण पाहायला फुग्यात बसला. पावसाने भिजलेला फुगा दोघांना उचलेना, तेव्हा चालकाला उतरवून तो एकटाच वर गेला.

ही ओळ कुठे अपुरी पडते हे सांगितल्याशिवाय तिचं वाचन पुरं होत नाही. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर घ्या. त्यात असणाऱ्या वायूचे मोल जसे कमी होतील तसा दाब उतरायला हवा. पण तो संपत येईपर्यंत तसाच राहतो, ज्योत कमी होत नाही, आणि मग एखाद्या सकाळी चहा अर्धवट असताना अचानक विझते. कारण आत बहुतांश द्रव आहे. वायू खर्च झाला की द्रवातून तितकाच वर येतो. रेणू एकमेकांना ओढतात म्हणूनच ते दाबाखाली द्रव होऊ शकतात, आणि आपल्या ओळीने ही ओढ मुळात धरलेलीच नाही. १८७३ मध्ये योहानेस व्हान डर वाल्सने लायडनला प्रबंधात दोन दुरुस्त्या सुचवल्या: रेणूंची आपापसातली ओढ आणि रेणूंनी स्वतः व्यापलेली जागा. १९१० चं नोबेल त्याला मिळालं. या दोन दुरुस्त्यांचे आकडे प्रत्येक वायूचे वेगळे असतात. म्हणजे जे नाव ओळीने पुसलं होतं ते तिथे परत येतं. गर्दी झाली, थंडी वाढली, एकमेकांजवळ यावं लागलं की प्रत्येक वायू आपला स्वभाव दाखवू लागतो; पसरायला जागा असेल तोवर सगळे एकसारखे वागतात.

ही दोन्ही टोकं पुढे एकाच फुग्यात पाहायला मिळाली. त्या गोष्टीची सुरुवात मात्र जुनी आहे. १६ सप्टेंबर १८०४ ला गे-लुसाक एकटा फुग्यातून ७,००० मीटरवर गेला होता आणि तिथली हवा बाटल्यांत भरून खाली आणली होती. तपासली तर ती पॅरिसच्या हवेसारखीच निघाली. पुढे जवळजवळ २०० वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना सूक्ष्मजीव शोधण्यासाठी आणखी वरची हवा हवी होती. २१ जानेवारी २००१ ला आणि पुन्हा २० एप्रिल २००५ ला हैदराबादहून टीआयएफआरचे फुगे त्यासाठी सोडण्यात आले. दुसऱ्या फुग्याचं आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट, म्हणजे साडेसात लाख घनमीटर. त्याच्या ३०० व्या भागाइतका वायू जमिनीवर भरला असेल असं धरलं तर माझ्या हिशेबाने तो पॉलिथिनसकट अडीच टनांच्या आसपास उचलू शकला असता. खाली लटकलेली उपकरणं ४५९ किलोंची होती.

अडीच मिलिबारची हवा बाटलीत भरायची कशी? बाटली नुसती उघडली तर आत तेवढीच विरळ हवा जाईल, म्हणजे जवळपास काहीच नाही. म्हणून पोलादी नळ्या आधी निर्वात आणि निर्जंतुक करून ३८ किलो द्रव निऑनमध्ये बुडवल्या होत्या. द्रव निऑन उणे २४६ अंशांचं, म्हणजे केल्विनमध्ये अवघं २७. वर गेल्यावर खालून संदेश देऊन झडप उघडली की आत शिरणारी हवा थंड भिंतीला लागून गोठते. वायूचे मोल वायू म्हणून उरतच नाहीत, आतला दाब शून्याजवळच राहतो आणि बाहेरची हवा ओढली जात राहते. फुग्यात ओळ जितकी चोख चालते, तितकीच ती त्याच्या खाली लटकलेल्या नळीत मोडते, आणि नेमकी तिथे मोडते म्हणून नळी भरते.

२००५ च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादला आणि पुण्याला झाली. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीचं नाव नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यावरून ठेवलं, एकीचं इस्रोवरून, एकीचं आर्यभटावरून. ते जीव अंतराळातून आले की जमिनीवरून वर गेले, हा प्रश्न त्याने सुटला नाही आणि सुटला असा दावाही संबंधितांनी केला नाही.

कापूस फुटलेल्या दिवसांत इचोड्याच्या शिवारातून वर पाहताना मला त्या नळ्यांचं खाली येणं डोळ्यांपुढे आणायला आवडतं. फुग्यापासून सुटलेली छत्री सुरुवातीला दगडासारखी खाली येते, कारण तिला धरायला वर हवाच नाही. मग हवा दाटत जाते, छत्री फुगते, गती मंदावते. हवेच्या तळाशी येईपर्यंत नळ्यांतला बर्फ झालेला वायू हळूहळू कोमट होऊ लागतो, पुन्हा वायू होतो, रेणू पुन्हा भिंतींवर आदळू लागतात, बंद झडपेमागे दाब चढत जातो. वर्तमानपत्रातल्या सूचनेत सापडेल त्याला बक्षीस देऊ असं लिहिलेलं असतं. फक्त त्याने काही उघडायचं नाही, काही हलवायचं नाही, दिलेल्या नंबरवर कळवायचं आणि माणसं येईपर्यंत तिथे थांबायचं.